तीस हजारांत ग्रेडिंगसाठी मॉनिटर: कोणत्या चित्रावर विश्वास ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लग्नाच्या फिल्म आणि यूट्यूबची कामं विंडोज लॅपटॉपवर, दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग प्रोग्रामच्या मोफत आवृत्तीत करता, आणि ग्रेडिंग, म्हणजे फुटेजचे रंग-उजेड जुळवणंही तिथेच. एक लघुपट महोत्सवाला पाठवायचा आहे. लॅपटॉपवर छान दिसलेले चेहरे गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर लालभडक दिसले, तर फोनवर सगळंच गडद वाटलं. आता तीस हजारांत नवा मॉनिटर घ्यायचाय. दुकानदार २७ इंची वक्र गेमिंग मॉनिटर दाखवतोय, मित्र म्हणतो फोर-के आणि एचडीआर (जास्त चमक आणि खोल काळा दाखवायची सोय) असलेलाच घे.

मॉडेलचं नाव पुढे सांगतोच, पण आधी तुमची खरी अडचण काय ते बघू. तुमच्याकडे तीन पडदे आहेत, तिन्ही वेगळं सांगतात आणि खरं कोण बोलतंय हे तुम्हाला कळत नाही. नवा मॉनिटर नुसता आणखी झगमगीत निघाला तर तीनाचे चार होतील, एवढंच. तुम्हाला हवाय तो प्रमाणाला धरून चालणारा, आज जे दाखवलं तेच महिन्यानंतरही दाखवणारा पडदा. वजनकाट्यासारखं आहे हे. काटा चकचकीत असून चालत नाही, त्याचं वजन बरोबर असावं लागतं.

चेहरे लाल का झाले, ते आधी समजून घ्या, कारण मॉनिटर निवडायचं सगळं गणित त्यात आहे. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं लिहिलेलं असतं. एनटीएससी हे १९५३ सालचं जुनं माप. आज वेब आणि टीव्हीसाठी जी रंगकक्षा (दाखवता येणाऱ्या रंगांची व्याप्ती) धरतात, ती या मापाने साधारण ७२ टक्के भरते. म्हणजे ४५ टक्क्यांचा पडदा लागणाऱ्या रंगांच्या जेमतेम ६० ते ६५ टक्केच दाखवतो, आणि सगळ्यात जास्त मार लाल रंगाला बसतो. अशा पडद्यावर नवरीचा चेहरा फिकट, राखाडी दिसतो. मग तुम्ही सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) वाढवता, मिडटोनमध्ये (मधल्या छटांत) थोडी ऊब घालता, आणि लॅपटॉपवर चेहरा ‘बरोबर’ दिसायला लागतो. ती फाइल पूर्ण रंगकक्षा असलेल्या टीव्हीवर गेली की तुम्ही घातलेलं सगळं जसंच्या तसं बाहेर येतं. त्यात घरोघरचे टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर ठेवलेले असतात, तो मोड वर आणखी रंग ओततो. तुमचा डोळा चुकला नाही. पडदा कमी दाखवत होता आणि तुम्ही त्याची भरपाई फुटेजमध्ये करत होता.

आता प्रमाण कोणतं धरायचं? हे काम कुठे दाखवणार यावर ठरतं. लग्न, यूट्यूब, जाहिराती, टीव्ही या सगळ्यांसाठी उत्तर एकच: रेक ७०९. एचडी टीव्हीसाठी हे प्रमाण १९९० साली ठरलं आणि आजही एसडीआर, म्हणजे एचडीआर नसलेल्या साध्या व्हिडिओचा पाया तेच आहे. त्याची रंगकक्षा वेबच्या एसआरजीबी प्रमाणासारखीच आहे, पांढरा डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा, साधारण ६५०० केल्विनचा) आहे, आणि पडद्याचा गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा कशा चढतात त्याचं माप) २.४ धरतात, जो २०११ च्या बीटी १८८६ या शिफारशीतून येतो. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्याची चमक १०० निट्स (निट हे चमकेचं माप) ठेवतात. पुढे काहीही निवडताना हे चार आकडे डोक्यात ठेवा.

लघुपटाची चिंता वेगळी वाटत असेल, कारण सिनेमागृहासाठी डीसीपी (तिथल्या प्रोजेक्टरवर चालणारा फाइलींचा संच) लागतो. त्याची रंगकक्षा पी३ नावाची, रेक ७०९ पेक्षा मोठी, गॅमा २.६ आणि पडद्यावरचा पांढरा ४८ निट्स. पण रेक ७०९ मध्ये नीट ग्रेड केलेल्या फाइलमधून डीसीपी बनतो, कारण रेक ७०९ चे जवळपास सगळे रंग पी३ मध्ये बसतात. त्यासाठी आज पी३ मॉनिटर घ्यायची गरज नाही. खरी वेगळी वाट लागते ती ओटीटीच्या एचडीआर मास्टरिंगला. तिथे १००० निट्स चमक आणि खोल काळा एकाच वेळी दाखवणारा पडदा लागतो, तो तुमच्या बजेटच्या कित्येक पट महाग आहे. म्हणून मित्राचा एचडीआरचा सल्ला सोडून द्या. खोक्यावर ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ लिहिलेलं असतं, त्याची अट ४०० निट्सच्या चमकेची असते. मागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सोय असलीच पाहिजे, अशी अट त्यात नाही. अशा पडद्यावर विंडोजचं एचडीआर चालू केलंत की काळा राखाडी पडतो आणि एसडीआरचे रंगही हलतात. ते बटण बंदच ठेवा.

आता पॅनलकडे, म्हणजे पडदा कोणत्या तंत्राचा (व्हीए, आयपीएस, टीएन की ओएलईडी) त्याकडे वळू, इथे दुकानदाराशी माझं जमणार नाही. तो दाखवतोय तो वक्र गेमिंग मॉनिटर बहुतेक व्हीए पॅनलचा असणार. व्हीएचा काळा सुंदर असतो. कॉन्ट्रास्ट ३०००:१ च्या आसपास, तर साध्या आयपीएसचा १०००:१. कागदावर व्हीए जिंकतो. अडचण येते कोनाची. २७ इंची पडदा रुंदीला जवळजवळ ६० सेंटीमीटर असतो. तुम्ही ६० सेंटीमीटरवर बसलात तर कडेचा भाग डोळ्याला सुमारे २६ अंशांतून दिसतो. व्हीएमध्ये एवढ्या कोनाने गडद छटा वर येतात, आणि अगदी समोरून त्याच छटा काळ्यात बुडतात. रात्रीची वरात घ्या: काळी शेरवानी, मागे अंधार, केस काळे. असा माणूस फ्रेमच्या मध्यावर असताना शेरवानीची शिवण दिसणार नाही. तुम्ही सावल्या उचलाल. पुढच्या शॉटमध्ये तोच माणूस कडेला गेला की शिवण आपोआप दिसेल, तुम्ही सावल्या खाली ओढाल. दोन शॉट जुळवायला बसलात आणि पडद्याच्याच दोन बाजू जुळेनात, असं होतं. वक्रतेने हा फरक थोडा कमी होतो, पण मान हलली की चित्र हलतंच.

आयपीएसमध्ये हा प्रकार फारच कमी. त्याची उणीव वेगळी: अंधाऱ्या खोलीत काळा पूर्ण काळा दिसत नाही आणि कोपऱ्यात हलकी चमक येते. ही उणीव चालवून घेता येते, कारण ती स्थिर असते आणि सावल्या किती खाली गेल्या हे स्कोपवर (रिझॉल्व्हमधल्या रंग-उजेड मोजणाऱ्या आलेखांवर) मोजता येतं. रंगाची कोनागणिक होणारी फसवणूक स्कोपवर दिसत नाही. टीएनचा विचारही नको. ओएलईडीचा काळा अप्रतिम, पण तीस हजारांत तो बसत नाही. शिवाय मोठा पांढरा भाग आला की अनेक ओएलईडी मॉनिटर आपली चमक आपणच कमी करतात, आणि रिझॉल्व्हची तीच ती चौकट रोज दहा तास पडद्यावर राहिली तर तिचा ठसा उमटायची भीती असते.

खोक्यावरची भाषा वाचताना थोडं सावध राहा. ‘१.६७ कोटी रंग’ म्हणजे ८ बिट, ‘१०७ कोटी रंग’ म्हणजे १० बिट. स्वस्त १० बिट बहुतेक वेळा ८ बिट अधिक एफआरसी असतो, म्हणजे दोन छटा भराभर आलटून पालटून मधली छटा भासवायची. एसडीआरला ते पुरतं. टाळायचा तो ६ बिट अधिक एफआरसी, जो विक्रीच्या पानावर स्वतःला ‘१.६७ कोटी’च म्हणवतो. पॅनलची माहिती वेगळी शोधून खात्री करा, नाहीतर संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतील आणि तुम्ही ते कॅमेऱ्याचे समजाल. ‘एसआरजीबी १२५ टक्के’ या आकड्यालाही भुलू नका. तो क्षेत्रफळाचा असतो. पडदा बाहेर कितीही पसरला तरी आतला एखादा कोपरा उघडा राहू शकतो. तुम्हाला शोधायचंय ते ‘रेक ७०९ किंवा एसआरजीबी ९९ ते १०० टक्के व्याप्ती’. डेल्टा ई म्हणजे हवा तो रंग आणि दिसतो तो रंग यांतलं अंतर. १ च्या खाली डोळ्याला कळणं अवघड, २ च्या खाली कामाला उत्तम. कंपनी सरासरी छापते हे मात्र लक्षात असू द्या. सरासरी १.५ असताना एखाद्या निळ्याचा ५ असू शकतो. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’चे कोटीतले आकडे तर वाचूच नका.

आता फोर-के. २७ इंचात फोर-के म्हणजे इंचाला १६३ पिक्सेल, अक्षरं कोरीव दिसतात. पण मग विंडोजचं स्केलिंग १५० टक्क्यांवर न्यावं लागतं आणि लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपवर ओझं पडतं. जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय १.४ पोर्ट असेल तर फोर-के फक्त ३० हर्ट्झवर मिळेल, त्यावर एडिट करणं म्हणजे शिक्षा. २७ इंचात २५६० बाय १४४० घेतलंत तर इंचाला १०९ पिक्सेल मिळतात, स्केलिंग लागत नाही, आणि रिझॉल्व्हच्या कलर पानावर व्ह्यूअर (चित्राची खिडकी), नोड (ग्रेडच्या पायऱ्या) आणि स्कोप तिन्ही अंग चोरून न बसता मावतात. फोकस तपासायला व्ह्यूअर १०० टक्क्यांवर न्या, काम होतं. २७ इंचात १९२० बाय १०८० मात्र घेऊ नका. इंचाला ८२ पिक्सेल फार विरळ, टाइमलाइनवरची अक्षरं भुरभुरीत दिसतात. एवढंच रिझोल्यूशन हवं असेल तर २४ इंच घ्या, त्यातही १९२० बाय १२०० मिळाला तर उंचीचे १२० पिक्सेल टाइमलाइनला खूप कामी येतात.

रिफ्रेश रेटबद्दल सहसा कोणी बोलत नाही अशी एक गोष्ट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिव्यांचा लुकलुकाट टाळायला बरीच मंडळी २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर २५ फ्रेम समान वाटल्या जात नाहीत. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. मग संथ पॅनमध्ये झटके दिसतात आणि तुम्ही गिंबलवाल्याला बोल लावता. ७५ हर्ट्झवर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा येते, १०० हर्ट्झवर चारदा, ५० वर दोनदा. म्हणून निवडताना या तिन्हींपैकी एक दर मिळतो का ते बघा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो लावा. रिझॉल्व्हचा व्ह्यूअर पडद्याशी अगदी घड्याळ लावून चालत नाही, त्यामुळे एखादा झटका तरीही दिसेल, पण फरक पहिल्याच पॅनमध्ये कळतो.

आता सगळ्यात फसवी जागा: विस्तृत रंगकक्षा. ‘पी३ ९५ टक्के’ वाचून वाटतं, जास्त रंग म्हणजे जास्त चांगलं. तुमच्या जोडणीत मात्र ते उलटं पडतं. विंडोजवर मॉनिटरची आयसीसी प्रोफाइल (पडद्याच्या रंगांची माहिती देणारी फाइल) असते, तिचे दोन भाग असतात. एक ग्राफिक्स कार्डात चढतो आणि पांढरा व राखाडी सुधारतो, तो सगळ्या प्रोग्रामांना लागू होतो. दुसरा भाग सांगतो की हा पडदा किती रंगीत आहे, तो फक्त कलर मॅनेजमेंट करणारे प्रोग्राम वाचतात. फोटोशॉप वाचतो. विंडोजवरचा रिझॉल्व्हचा व्ह्यूअर वाचत नाही. त्यामुळे पी३ पडदा मूळ मोडमध्ये ठेवलात तर रेक ७०९ चा लाल तो स्वतःच्या लालावर ताणतो. हळदीचा पिवळा नारिंगी होतो, कुंकू पेटल्यासारखं दिसतं. तुम्ही सॅच्युरेशन कमी कराल आणि बाकी सगळ्या जगात तुमची फिल्म धुतल्यासारखी दिसेल. लॅपटॉपवर झालं त्याच्या बरोबर उलट, कारण मात्र तेच.

विस्तृत कक्षेचा मॉनिटर घ्यायचाच असेल तर त्यात एसआरजीबी किंवा रेक ७०९ मोड असावा, आणि त्या मोडमध्ये ब्राइटनेस बदलता यावा. काही मॉनिटर या मोडमध्ये गेले की ब्राइटनेस कुलूपबंद करतात, २०० निट्सवर अडकून बसतात. दुकानात उभ्या उभ्या मेन्यू उघडून हे तपासता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या बजेटला मात्र मी सरळ रेक ७०९ पुरताच असलेला साधा पडदा सुचवेन. त्यात चुकायला जागाच कमी.

म्हणून नावं. आसुस प्रोआर्ट पीए२७८क्यूव्ही: २७ इंच, २५६० बाय १४४०, आयपीएस, एसआरजीबी आणि रेक ७०९ दोन्ही १०० टक्के, ७५ हर्ट्झ. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं यात बसतं. त्याचाच धाकटा पीए२४८क्यूव्ही: २४.१ इंच, १९२० बाय १२००, तोही आयपीएस, तोही ७५ हर्ट्झ. बेनक्यूच्या पीडी मालिकेतले आणि डेलच्या अल्ट्राशार्पमधले २४ ते २७ इंची आयपीएसही याच पंगतीतले आहेत. किमती सेलप्रमाणे वरखाली होतात आणि मॉडेल बदलत राहतात, म्हणून नावापेक्षा ही कसोटी लावा: आयपीएस, खरा ८ बिट, रेक ७०९ जवळपास पूर्ण, मेन्यूत लाल-हिरवा-निळा वेगवेगळा बदलायची सोय, आणि २५ ने भाग जाणारा रिफ्रेश रेट.

तीस हजार पूर्ण पडद्यावर घालवू नका, हे मात्र आग्रहाने सांगतो. कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजणारं यंत्र) नसेल तर चांगला मॉनिटरही काही महिन्यांत हळूहळू सरकतो. मागचा एलईडी जुना होतो, पांढरा बदलतो, आणि डोळ्याला त्याची सवय होते, म्हणून कळत नाही. माझा कौल २४ इंची पडदा अधिक कॅलिब्रेटर या जोडीला आहे. २७ इंचावर मन अडलं असेल तर पडदा घ्या आणि कॅलिब्रेटर तीन-चार एडिटरांनी मिळून घ्या. महिन्यातून एकदाच लागतो, फिरता ठेवता येतो. कॅलिब्राइट किंवा डेटाकलर स्पायडर, दोन्ही चालतात. जुना एक्स-राइट आय१ डिस्प्ले प्रो चांगल्या अवस्थेत सेकंड-हॅंड मिळाला तर निःशंक घ्या.

मॉनिटर घरी आला की पहिल्या दिवशी हे करा. मेन्यूतून फॅक्टरी रीसेट. मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लू लाइट फिल्टर, इको मोड, आपोआप ब्राइटनेस, शार्पनेस वाढवणाऱ्या सगळ्या सोयी बंद. विंडोजचा नाइट लाइट बंद. ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कलर फॉरमॅट आरजीबी आणि डायनॅमिक रेंज फुल. ही शेवटची गोष्ट फार जणांची चुकते. एचडीएमआयवर काही वेळा कार्ड पडद्याला टीव्ही समजून १६ ते २३५ पातळ्याच पाठवतं. पडदा ० ते २५५ ची वाट बघत असेल तर काळा राखाडी दिसतो, आणि तुम्ही सगळ्या फिल्मचा काळा खाली दाबून ठेवता. तुमची फोनवरची ‘गडद’ तक्रार अशाच चुकीतूनही येऊ शकते, म्हणून आजच्या लॅपटॉपला जोडलेला दुसरा पडदा असेल तर तोही तपासा. शक्य असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा, हा गोंधळ तिथे क्वचित होतो.

मग पडदा अर्धा तास चालू ठेवा. थंड पडद्याचं माप घेऊ नका. खोलीतले दिवे बंद करा, मॉनिटर थोडा मागे कलता करा म्हणजे कॅलिब्रेटर काचेला सपाट टेकून राहील. मोजणीसाठी डिस्प्लेकॅल हा मोफत प्रोग्राम आहे, आर्गिल सीएमएस या दुसऱ्या मोफत प्रोग्रामवर चालतो. मूळ आवृत्ती जुनी झाली आहे, पण काम अचूक करते. त्यात मॉनिटरच्या प्रकाशाचा प्रकार निवडावा लागतो. साध्या एसआरजीबी पडद्याला ‘व्हाइट एलईडी’. विस्तृत कक्षेच्या पडद्यांना वेगळा प्रकार लागतो, तो चुकला तर कॅलिब्रेट करूनही पांढऱ्यावर गुलाबी किंवा हिरवट झाक राहते. लक्ष्य: पांढरा डी६५, म्हणजे एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. चमक १०० निट्स. गॅमा २.४.

आधी मेन्यूतला ब्राइटनेस आणि तिन्ही रंग हाताने जुळवा, मग सॉफ्टवेअरला पुढचं करू द्या. रंग जुळवताना वाढवू नका, जो जास्त आहे तो कमी करा. वाढवलेल्या रंगाचा वरचा टोकाचा भाग कापला जातो, आणि नऊवारीच्या पांढऱ्या जरीत तो लगेच दिसतो.

गॅमाबद्दल एक सवलत. २.४ हा मंद प्रकाशाच्या खोलीसाठी आहे. दिवसा खिडकी उघडी ठेवून काम करत असाल तर २.४ वर सावल्या डोळ्याला खूप गडद वाटतात, तुम्ही त्या उचलता आणि रात्री टीव्हीवर तीच फिल्म पांढुरकी दिसते. अशा खोलीत २.२ आणि ११० ते १२० निट्स ठेवा. दोन्हींत रोज उड्या मारू नका, आपली खोली बघून एक ठरवा.

आता कॅलिब्रेशनचा फायदा रिझॉल्व्हपर्यंत पोहोचवायचा. डिस्प्लेकॅलमधून रेक ७०९ ची थ्री-डी लट (लुकअप टेबल, म्हणजे रंग दुरुस्त करणारा तक्ता) फाइल बनवा. ती बनवताना ग्राफिक्स कार्डातलं कॅलिब्रेशन लटमध्ये घालायचा पर्याय बंद ठेवा, कारण तुमच्या पडद्यावर ते आधीच लागू असतं. दोनदा लागलं तर राखाडीवर उलटी झाक येते. फाइल रिझॉल्व्हच्या लट फोल्डरमध्ये टाका, मग प्रोजेक्ट सेटिंगमध्ये कलर मॅनेजमेंट उघडून ‘कलर व्ह्यूअर लुकअप टेबल’ या जागी निवडा. त्याच पानावर ‘आउटपुट लुकअप टेबल’ही असतं, तिथे चुकूनही लावू नका. व्ह्यूअरची लट फक्त तुमच्या डोळ्यांपुरती असते, एक्सपोर्टमध्ये जात नाही. आउटपुटची लट फाइलमध्ये कायमची भाजली जाते, म्हणजे तुमच्या मॉनिटरचा दोष गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर. पुढे कधी ब्लॅकमॅजिकचं डेकलिंक कार्ड किंवा अल्ट्रास्टुडिओ मॉनिटर घेतलंत, तर सिग्नल विंडोजला वळसा घालून सरळ पडद्यावर जाईल आणि लट ‘व्हिडिओ मॉनिटर लुकअप टेबल’मध्ये लावावी लागेल. आज त्याची घाई नाही.

खोलीकडे दुर्लक्ष करू नका, तिथे सुधारणेला पैसे फार लागत नाहीत. पडद्यामागची भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर डोळा तिचा विरुद्ध रंग पडद्यावर पाहतो: पोपटी भिंतीपुढे बसून ग्रेड केलेले चेहरे डोळ्याला गुलाबी वाटतात, आणि तुम्ही ते हिरव्याकडे सरकवता. भिंत रंगवायची नसेल तर मागे राखाडी पडदा किंवा कापड लावा. त्याच्यामागे ६५०० केल्विनची, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरची एलईडी पट्टी, तीही इतकी मंद की पडद्याच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी उजळेल. डोक्यावरची स्वस्त ‘कूल डेलाइट’ ट्यूब ६५०० केल्विनची असली तरी तिच्यात बहुधा हिरवट झाक असते, ग्रेडिंगच्या वेळी ती बंद.

परत करायची मुदत संपायच्या आत पॅनल तपासा. रिझॉल्व्हमध्येच ‘ग्रे स्केल’, ‘१० स्टेप’ आणि ‘सॉलिड कलर’ असे जनरेटर आहेत. सॉलिड कलर आधी गडद राखाडी, मग मध्यम, मग पांढऱ्याजवळ नेऊन पूर्ण पडद्यावर बघा. डावीकडे गुलाबी आणि उजवीकडे हिरवट असा फरक मध्यम राखाडीत सगळ्यात आधी दिसतो. थोडा फरक प्रत्येक पडद्यात असतो. तोंडाने सांगता येईल इतका असेल तर बदलून घ्या, कारण कॅलिब्रेटर फक्त मधल्या भागाचं माप घेतो, कडेचा दोष त्याला काढता येत नाही. मग खोलीत अंधार करून काळा पडदा ठेवा आणि कोपरे बघा. डोकं हलवल्यावर हलणारी चमक आयपीएसचा स्वभाव आहे. डोकं हलवूनही एका जागी राहणारा पिवळट डाग म्हणजे मागचा प्रकाश गळतोय.

स्कोप मात्र सोडू नका. पडदा नीट झाला तरी स्कोप आणि डोळा यांची जोडी लागतेच, आणि दोघांत वाद झाला तर कोणाचं ऐकायचं ते प्रसंगावर ठरतं. हळदीचा शॉट घ्या. व्हेक्टरस्कोपवर (रंग कोणता आणि किती तीव्र ते दाखवणाऱ्या स्कोपवर) त्वचेची रेषा असते, साधारण कोणत्याही वर्णाचा चेहरा तिच्या आसपास पडतो. हळद लावलेला चेहरा त्या रेषेपासून पिवळ्याकडे सरकलेला असतो, आणि तो तसाच असायला हवा. स्कोपचं ऐकून रेषेवर आणलात तर चेहऱ्यावरची हळद पुसली जाते, उरतो नुसता आजारी चेहरा. इथे डोळ्याचं ऐका, आणि रेषेशी ताडून बघायला हळद न लावलेला एखादा पाहुणा शोधा. उलट मंगल कार्यालयाच्या स्टेजवरच्या निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांत स्कोपचं ऐका. तो निळा इतका गडद असतो की एकच चॅनल छतापर्यंत जाऊन सपाट होतो. डोळ्याला ते ‘रंगीत’ वाटतं, परेडवर (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणाऱ्या स्कोपवर) मात्र निळा वर चिकटलेला आणि लाल तळाला गेलेला दिसतो. त्या भागात आधी निळ्याचं सॅच्युरेशन उतरवा, मग चेहऱ्याकडे जा.

घरातला टीव्ही ग्रेडिंगला वापरता येईल का, हेही तुम्ही विचारलं होतं. शेवटची तपासणी म्हणून जरूर, रोजच्या कामाला नको. फिल्म तयार झाली की ती तीन ठिकाणी बघा: टीव्हीवर सिनेमा किंवा फिल्ममेकर मोडमध्ये, त्याच टीव्हीवर व्हिव्हिडमध्ये, आणि ट्रू टोन व नाइट शिफ्टसारखे पर्याय बंद केलेल्या फोनवर. एकाच ठिकाणी खटकलं तर त्या पडद्याचा दोष समजून सोडा. तिन्ही ठिकाणी तेच खटकलं तरच टाइमलाइनवर परत जा. मॅकवर क्विकटाइममध्ये तुमची फाइल थोडी फिकी दिसेल, कारण तो या फाइलींना १.९६ च्या आसपासच्या गॅमाने वाचतो. गिऱ्हाइकाने मॅकवर बघून तक्रार केली तर घाबरून ग्रेड बदलू नका, त्याला तीच फिल्म यूट्यूबवरून टीव्हीवर बघायला सांगा.

सगळी मांडणी झाली की ज्या लग्नाचे चेहरे टीव्हीवर लाल झाले होते, तोच जुना प्रोजेक्ट नव्या पडद्यावर उघडा. लट लावलेली, खोली मंद, स्कोप उघडे. मॉनिटर खरं बोलत असेल तर चेहरे इथेही लाल दिसतील, टीव्हीच्या सिनेमा मोडवर दिसले तेवढेच. तसे दिसले नाहीत तर एसआरजीबी मोड, एचडीएमआयची रेंज आणि लटची जागा या तीन गोष्टी याच क्रमाने पुन्हा तपासा. दिसले तर शेवटच्या नोडवर सॅच्युरेशन उतरवत न्या, चेहरा बरोबर बसला की थांबा, आणि किती उतरवावं लागलं तो आकडा लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपवर ग्रेड केलेली बाकीची लग्नं साधारण तेवढीच चुकली असतील, आणि एखाद्या गिऱ्हाइकाने फिल्म पुन्हा मागितली तर तो आकडा सुरुवात करायला हाताशी असेल.